आयएफआयटीएम-३ विषाणूला दारात अडवतं की नाही: स्यूडोव्हायरस चाचणीच्या नोंदी

काम असं: ए५४९ या माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींमध्ये आयएफआयटीएम-३ हे विषाणूविरोधी प्रथिन वाढवायचं आणि वेगवेगळी पृष्ठ-प्रथिनं चढवलेले स्यूडोव्हायरस (एकदाच शिरू शकणारे, पुढे न वाढणारे बनावट विषाणू-कण) आत शिरताना अडतात का ते पाहायचं. २००९ मध्ये इन्फ्लुएन्झावर केलेल्या जनुक-छाननीतून हे प्रथिन पुढे आलं, त्यावर भरपूर छापून आलंय, त्यामुळे सिद्धान्त इथे नाही. फक्त काय बिघडलं आणि ते कसं सरळ केलं.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो. या चाचणीत जवळजवळ प्रत्येक चूक ‘संरक्षण’ म्हणून दिसते. पेशी कमी पडल्या, आकडा खाली. विषाणू मेलेला, आकडा खाली. प्लेटची कड सुकली, तरी आकडा खालीच. म्हणून चार स्यूडोव्हायरस एकाच गाभ्यावर बांधायचे ठरवलं. गाभा एचआयव्हीचा, आवरण-जनुक काढलेला, ल्युसिफरेज बसवलेला (कण आत शिरला की हे एन्झाइम प्रकाश देतं, आकडा म्हणजे तोच प्रकाश). पृष्ठ-प्रथिनं चार: इन्फ्लुएन्झाचं हिमॅग्लुटिनिन (जोरात अडायला हवं), व्हीएसव्ही विषाणूचं जी-प्रथिन म्हणजे व्हीएसव्ही-जी (मध्यम), लासा विषाणूचं ग्लायकोप्रोटीन आणि एमएलव्ही या उंदराच्या विषाणूचं अँफोट्रॉपिक आवरण (ही दोन्ही अडायला नकोत). शेवटची दोन हीच खरी राखण. ती पडली तर बाकी आकड्यांना अर्थ नाही.

दिवस १

इंटरफेरॉन दिलेल्या पेशींच्या सीडीएनएवरून (आरएनएवरून बनवलेला डीएनए) पीसीआर. आयएफआयटीएम-३ म्हणजे १३३ अमिनो आम्लं, स्टॉपसकट ४०२ बेस. जेलवर ४०० च्या आसपास एकच स्वच्छ पट्टी. ८ कॉलन्या उचलल्या, आठही पॉझिटिव्ह. संशय तिथेच यायला हवा होता.

दिवस ६

सिक्वेन्सिंग आलं. ८ पैकी ६ कॉलन्या आयएफआयटीएम-२ च्या. उरलेल्या २ चं पुढचं डोकं आयएफआयटीएम-३ चं आणि शेपूट आयएफआयटीएम-२ ची. ही दोन जनुकं इतकी सारखी आहेत की पीसीआर मध्येच एका साच्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. आयएफआयटीएम-२ ची लांबी १३२, म्हणजे जेलवर फरक ३ बेसचा. डोळ्यांना दिसणं शक्य नाही.

नवे प्रायमर करत बसण्याऐवजी जनुक बाहेरून बनवून मागवलं, कोडॉन बदलून. बदललेल्या कोडॉनचा फायदा पुढे कळतो: क्यूपीसीआरमध्ये (मोजणीचा पीसीआर) पेशीचं स्वतःचं आणि आपण घातलेलं वेगळं मोजता येतं. सोबत दोन म्युटंट मागवले. वाय२०ए: या प्रथिनाला पेशीच्या बाहेरच्या पटलावरून एंडोसोमकडे (आत घेतलेला माल नेणारी पेशीतली पिशवी) ओढणारी खूण, म्हणजे २० ते २३ वरची वायईएमएल ही चार अमिनो आम्लं, यात मोडलेली आहे. सी७२ए: पामिटिक आम्ल चिकटण्याच्या तीन जागांपैकी (७१, ७२, १०५) एक काढलेली.

टॅग (प्रथिन ओळखायला जोडलेला छोटा तुकडा) फ्लॅगचा, एन-टोकाला. सी-टोक पटलाच्या पलीकडे, एंडोसोमच्या पोटात उघडतं. तिथल्या प्रोटिएजच्या तोंडी टॅग द्यायचं कारण नाही. एचए टॅग मुद्दाम टाळला. हिमॅग्लुटिनिनलाही सगळे एचए म्हणतात, आणि ट्यूबवर नुसतं ‘एचए’ लिहिलं की महिन्याभराने कोणालाच काही आठवत नाही.

वाट पाहण्यात ११ दिवस गेले. तेवढ्यात प्युरोमायसिनचा किल-कर्व्ह (वेक्टर न शिरलेल्या पेशी किती औषधाने मरतात ते पाहणं) उरकला: ए५४९ ला २ मायक्रोग्रॅम प्रति मिलि पुरे, चौथ्या दिवशी प्लेट रिकामी.

दिवस २४

लेन्टिव्हायरस, म्हणजे जनुक पेशींत कायमचं बसवणारा वाहक विषाणू. १० सेंमीच्या प्लेटमध्ये ४५ लाख २९३टी पेशी (विषाणू बनवून घ्यायच्या), दुसऱ्या दिवशी ट्रान्सफेक्शन: ट्रान्सफर प्लाझ्मिड १० मायक्रोग्रॅम, पॅकेजिंग ७.५, व्हीएसव्ही-जी २.५. पीईआय (डीएनए पेशीत नेणारं रसायन) ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे डीएनएच्या तिप्पट. माध्यम दुसऱ्या सकाळी बदललं. ४८ आणि ७२ तासांनी गोळा करून ०.४५ मायक्रोमीटरच्या पीईएस फिल्टरमधून गाळलं. नायट्रोसेल्युलोजचा फिल्टर घेऊ नका, त्याला विषाणू चिकटून राहतात.

दिवस ३१

टायटर, म्हणजे जिवंत कणांची मोजणी: रिकामा वेक्टर ठीक. आयएफआयटीएम-३ चा साधारण सहावा हिस्सा. पुन्हा केलं, तेच.

कारण आमच्याच डिझाइनमध्ये होतं. प्रमोटर सतत चालू असणारा. म्हणजे विषाणू बनवणाऱ्या २९३टी पेशीही आयएफआयटीएम-३ भरभरून बनवतात, ते बाहेर पडणाऱ्या कणांच्या पटलात जाऊन बसतं आणि कणांची शिरण्याची ताकद घटवतं. दार अडवणारं प्रथिन विषाणूच्याच अंगावर चढलं. पी२४ (गाभ्याचं प्रथिन) मात्र दोन्हीकडे सारखं होतं. म्हणून नुसत्या पी२४ वर विसंबू नये: ते कण मोजतं, जिवंत कण मोजत नाही.

विषाणू जास्त ओतून वेळ मारून नेता आली असती. पण मग सगळी वाहिनीच (जनुक नेणारी रचना, पुढे तिच्यापासून बनलेल्या पेशींनाही हाच शब्द) डॉक्सीसायक्लिनवर चालणाऱ्या वेक्टरमध्ये हलवली. पॅकेजिंगच्या वेळी डॉक्सी नाही, म्हणजे प्रथिनही जवळपास नाही. वर एक मोठा फायदा: तीच पेशी, एकदा डॉक्सीसह आणि एकदा डॉक्सीशिवाय. सीरम टेट्रासायक्लिनमुक्त तपासलेलं हवं, नाहीतर न घालताच प्रमोटर जागा होतो. पुन्हा क्लोनिंगमध्ये ९ दिवस.

दिवस ४२

नवीन वेक्टरचे टायटर चारही वाहिन्यांना (रिकामी, मूळ, वाय२०ए, सी७२ए) एकमेकांच्या दुपटीच्या आत. ए५४९ वर एमओआय (दर पेशीमागे विषाणू) ०.३, पॉलिब्रीन ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, ४८ तासांनंतर प्युरोमायसिन. एमओआय कमी ठेवण्याचं कारण एवढंच की बहुतेक पेशींत एकच प्रत जावी.

दिवस ५०

वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन अँटीबॉडीने पट्टी म्हणून दाखवणारी चाचणी) कोरा. फ्लॅगचाही नाही. ॲक्टिन मात्र ठसठशीत.

प्रथिन १५ किलोडाल्टनचं. ते टिपून घेणारं पीव्हीडीएफ पटल ०.४५ मायक्रोमीटरचं, ट्रान्सफर १०० व्होल्टवर ९० मिनिटं. शंका आली म्हणून दुसऱ्या जेलला पटलामागे आणखी एक पटल लावलं. पट्टी त्या मागच्या पटलावर सापडली. सगळं प्रथिन आरपार गेलं होतं. आता १५ टक्के जेल, ०.२ मायक्रोमीटर पटल, ४५ मिनिटं, आणि निळा रंग जेलच्या तळापासून १ सेंमीवर असतानाच थांबायचं. पहिल्याच खेपेला पट्टी आली.

अँटीबॉडीबद्दल एक. ‘आयएफआयटीएम-३’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच अँटीबॉडी आयएफआयटीएम-२ लाही धरतात, कारण एन-टोक जवळपास सारखंच. आपण घातलेलं प्रथिन फ्लॅगने ओळखा. पेशीचं स्वतःचं पाहायचं असेल तेव्हाच ही अँटीबॉडी, आणि पट्टीखाली ‘२/३’ असंच लिहा.

डॉक्सी ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलि, २४ तास. रिकाम्या वाहिनीलाही तेवढंच, विसरायचं नाही. डॉक्सी माध्यमात टिकत नाही, त्यामुळे दर ४८ तासांनी ताजं.

दिवस ५४

इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे प्रथिन अँटीबॉडीने चमकवून पेशीत कुठे आहे ते पाहणं. मूळ प्रथिन: केंद्रकाभोवती बारीक दाण्यांची गर्दी, कडेकडे जाताना विरळ होत जाणारी. वाय२०ए: दाणे जवळजवळ गायब, त्याऐवजी पेशीची कड रेघ मारल्यासारखी उजळलेली, आणि दोन पेशी जिथे भिडतात तिथे ती रेघ दुप्पट जाड. हे चित्र नीट दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढच्या सगळ्या आकड्यांचा अर्थ याच्यावर उभा आहे. पेशी पर्मिएबलाइझ केल्याशिवाय (पटलाला छिद्रं पाडल्याशिवाय) एन-टोकाचा टॅग दिसणार नाही, तो आतल्या बाजूला आहे.

दिवस ५८ ते ६७: हिमॅग्लुटिनिनने घेतलेले दहा दिवस

व्हीएसव्ही-जी, लासा, एमएलव्ही पहिल्याच झटक्यात झाले. हिमॅग्लुटिनिन तीनदा.

पहिला प्रयत्न एच१. गाळलेल्या माध्यमात पी२४ नगण्य. कण बनले, पण हिमॅग्लुटिनिन २९३टीच्याच अंगावरच्या सायलिक आम्लाला धरून बसलं आणि कण सुटलेच नाहीत. न्युरामिनिडेजचं प्लाझ्मिड सोबत द्यावं लागतं. गाभा १२ मायक्रोग्रॅम, हिमॅग्लुटिनिन ४, न्युरामिनिडेज १.

दुसऱ्या प्रयत्नात पी२४ उत्तम आणि ल्युसिफरेज शून्य, रिकाम्या वाहिनीवरसुद्धा. एच१ चं हिमॅग्लुटिनिन एकसंध बाहेर येतं. ते दोन तुकड्यांत कापलं गेल्याशिवाय पटलं जोडतच नाही. टीपीसीके-ट्रिप्सिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, ३७ अंशांवर ३० मिनिटं, मग सोयाबीन इन्हिबिटर. जिवंत झाले, पण बॅचगणिक आकडा वरखाली. ट्रिप्सिन थोडं जास्त झालं की तेच मरतात, आणि इन्हिबिटर अपुरा पडला की प्लेटमधल्या पेशी सुटून वर तरंगतात.

तिसऱ्या प्रयत्नात एच५ चं पृष्ठ-प्रथिन घेतलं. त्याच्या कापायच्या जागी बेसिक अमिनो आम्लांची रांग असते, ती २९३टीचं स्वतःचं फ्युरिन कापून देतं. ट्रिप्सिनची कटकट संपली. हा एच५ विषाणू नव्हे, त्याचं फक्त एक प्रथिन अंगावर घेतलेला, एकदाच शिरू शकणारा कण आहे. तरी जैवसुरक्षा समितीची वेगळी परवानगी घेतली. तुम्हीही आधी घ्या, नंतर नाही.

सगळे साठे ०.५ मिलिच्या भागांत उणे ८० वर. एकदा वितळवलेला भाग परत गोठवायचा नाही.

दिवस ७१

पहिलं वाचन. मूळ आयएफआयटीएम-३ वाहिनीत चारही विषाणू खाली. हिमॅग्लुटिनिन सर्वांत जास्त, पण लासाही निम्म्यावर.

लासा पडला म्हणजे बाकीचं बघायचंच नाही. प्लेटचा नकाशा काढला. रिकामी वाहिनी मधल्या स्तंभांत, मूळ वाहिनी १ आणि २ मध्ये, म्हणजे कडेला. त्या विहिरींतलं माध्यम तीन दिवसांत आटून पेशी कमी वाढल्या होत्या. संरक्षण कसलं, बाष्पीभवन होतं.

आता कडेच्या सगळ्या विहिरी पीबीएसने भरतो, वाहिन्या स्तंभांत मिसळून लावतो, आणि प्रत्येक प्लेटला विषाणू न घातलेली एक जुळी प्लेट असते, तिच्यावर रेसाझुरिनने पेशी मोजतो. ९६ पैकी ३६ विहिरी वाया जातात. जाऊ द्यात.

दिवस ७५

दुसरं वाचन, विहिरीत १०,००० पेशी, विषाणू घातल्यापासून ४८ तास. लासा आणि एमएलव्ही जागेवर. व्हीएसव्ही-जी साधारण तिसऱ्या हिश्शावर. हिमॅग्लुटिनिन दहाव्या हिश्शाच्याही खाली. वाय२०ए मध्ये हिमॅग्लुटिनिन जवळपास पूर्ण मोकळं: प्रथिन भरपूर आहे, पण चुकीच्या दारावर उभं आहे. सी७२ए बऱ्यापैकी निकामी.

दिवस ८०

तीच चाचणी नव्या, जास्त ताकदीच्या साठ्यावर केली तर हिमॅग्लुटिनिनची घट जेमतेम अडीच पट. प्रथिन बदललं नव्हतं, विषाणू फार झाला होता. हे बंधन विषाणूंच्या गर्दीने दाबून टाकता येतं, शिवाय रिकाम्या वाहिनीचा आकडा वरती सपाट झाला की फरक आपोआप लहान दिसतो. आता प्रत्येक साठ्याची तिप्पट-तिप्पट पातळ केलेली ६ पायऱ्यांची मालिका आधी रिकाम्या वाहिनीवर लावतो, आणि जिथे विषाणू तिसऱ्या हिश्शावर आणल्यावर प्रकाशही तिसऱ्या हिश्शावर येतो, त्याच पट्ट्यात चाचणी करतो. ही पायरी पहिल्या दिवशीच करायला हवी होती.

दिवस ८४ ते ९०: प्रवेशच अडला का?

ल्युसिफरेज ४८ तासांनी बोलतं. मधे प्रवेश, उलट प्रतिलेखन, समावेशन, सगळं होऊन जातं. यातलं कुठलंही अडलं तरी आकडा तोच. म्हणून बीटा-लॅक्टमेज चाचणी. विषाणूच्या पोटात एचआयव्हीच्या व्हीपीआर प्रथिनाला जोडलेलं बीटा-लॅक्टमेज भरतात. पेशीत सीसीएफ२ हा रंग भरतात, तो हिरवा चमकतो. विषाणूचं पटल एंडोसोमच्या पटलाशी जोडलं जाऊन गाभा पेशीद्रवात पडला तरच एन्झाइमला रंग सापडतो, तो तुटतो आणि पेशी निळी होते. एंडोसोममध्येच अडकलेला कण रंगाला शिवू शकत नाही.

विषाणू ४ अंशांवर फिरवून पेशींवर बसवले, मग ३७ अंशांवर ९० मिनिटं, मग धुऊन १ मायक्रोमोलर सीसीएफ२-एएम.

पहिला प्रयत्न वाया: रंग ३७ अंशांवर भरला. पेशींनी तो पंपांनी बाहेर फेकला, सकाळी हिरवं काहीच नाही. दुसऱ्या वेळी खोलीच्या तापमानाला रात्रभर, सोबत पंप अडवायला प्रोबेनेसिड २.५ मिलिमोलर, आणि माध्यमात सीरम नाही, कारण सीरममधली एस्टरेज रंगाला बाहेरच फोडतात. सुंदर हिरव्या पेशी. बॅफिलोमायसिन (एंडोसोम आम्ल होऊ न देणारं औषध) १०० नॅनोमोलर दिलेल्या विहिरीत एकही निळी नाही, म्हणजे चाचणी आम्लतेवरच चालतेय. आवरण नसलेले कण घातले तिथेही निळं नाही.

फ्लोसायटोमीटरवर ४०९ नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजन, निळा ४४७, हिरवा ५२०. पेशींच्या वाहिनीत जीएफपी असेल तर ही चाचणी विसरा. आमच्या वेक्टरमध्ये तो नव्हता, ते नशीब, नियोजन नव्हे.

निकाल: हिमॅग्लुटिनिनच्या निळ्या पेशी मूळ वाहिनीत तितक्याच जोरात घटल्या, लासाच्या नाहीत. म्हणजे अडथळा पटलं जोडली जाण्याच्या टप्प्यावर किंवा त्याच्या आधी. ही चाचणी त्यापुढे फोड करत नाही. पटलांचे बाहेरचे थर मिसळतात पण छिद्र उघडत नाही, हे दाखवायला एकेका कणाचं इमेजिंग लागतं, आणि ते इतरांनी केलेलं आहे.

दिवस ९५

तिसऱ्या स्वतंत्र पुनरावृत्तीत संरक्षण गायब. हिमॅग्लुटिनिन मूळ वाहिनीत सरळ आत. वेस्टर्नवर प्रथिन जागेवर, डॉक्सी ताजं, साठा तोच, पातळीही तीच. दिवस ८० सारखी, चूक पुन्हा उलट्या दिशेने झाली होती.

दोन दिवस सगळं उलटसुलट केल्यावर माध्यमाच्या बाटलीवरची पेन्सिलची नोंद दिसली. आधीच्या आठवड्यात इन्क्युबेटरमध्ये बुरशी आली होती, म्हणून काळजीपोटी माध्यमात अँफोटेरिसिन बी घातलं गेलं होतं, २.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. अँफोटेरिसिन पटलांत शिरून आयएफआयटीएम-३ चा अडथळा मोडतं, हे माहीत असलेली गोष्ट आहे. पण बुरशीच्या औषधाकडे त्या नजरेने कोण पाहतो? तयार मिळणाऱ्या अँटिबायोटिक-अँटिमायकोटिक मिश्रणातही ते असतं, लेबलवर बारीक अक्षरांत. या कामाच्या पेशींना ते मिश्रण कधीच नको.

दिवस ९९

चुकीतून कंट्रोल काढला. १ मायक्रोमोलर अँफोटेरिसिन, विषाणूच्या १ तास आधी. रिकाम्या वाहिनीत आकडा हलत नाही, मूळ वाहिनीत हिमॅग्लुटिनिन परत वर येतं. पेशी मेल्या किंवा विषाणू मेलेला होता म्हणून घट दिसली असती तर अँफोटेरिसिनने ती भरून आली नसती. आता प्रत्येक प्लेटवर याच्या ३ विहिरी असतात.

दिवस १०३

तिसरी पुनरावृत्ती बुरशीनाशक नसलेल्या माध्यमात. आकडे दिवस ७५ शी जुळले. चारही वाहिन्यांच्या प्रत्येकी ४ क्रायोव्हायल, पॅसेज (पेशी नव्या प्लेटमध्ये हलवण्याची खेप) ६, द्रव नायट्रोजनमध्ये. पॅसेज १५ च्या पुढे डॉक्सी देऊनही काही पेशी फ्लॅग-निगेटिव्ह दिसू लागल्या आहेत, त्यामुळे तिथून पुढे प्युरोमायसिन १ मायक्रोग्रॅमवर कायम चालू आणि चाचणीच्या २४ तास आधी बंद.

पुढचं काम ए५४९ मधलं स्वतःचं प्रथिन क्रिस्परने काढून इंटरफेरॉनचा परिणाम किती उरतो ते पाहणं. गाइड (क्रिस्परला कापायची जागा दाखवणारा आरएनए) निवडताना आयएफआयटीएम-२ शी जुळणी आधी तपासायची. पहिले तीनही गाइड दोन्ही जनुकं कापतात असं दिसलं, ते बाद केले. चौथा उद्या मागवायचा आहे.